वर्षभराची इंटर्नशिप: चाकणचा कारखाना की हिंजवडीचे डिझाइन ऑफिस?

मेकॅनिकलच्या शेवटच्या वर्षात पूर्ण वर्षाच्या इंटर्नशिपची मुभा महाविद्यालय देत असेल, तर पुण्यातला प्रश्न बहुधा दोन ठिकाणांपाशी येऊन थांबतो. मी तिसऱ्या वर्षानंतरची उन्हाळी इंटर्नशिप हिंजवडीतील एका डिझाइन ऑफिसात केली आणि वर्षभरासाठी मात्र चाकणला, वाहनांचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यात गेलो. एका ठिकाणी काही आठवडे आणि दुसऱ्या ठिकाणी वर्ष, एवढा फरक ध्यानात ठेवूनच माझे मत घ्यावे.

सोयीच्या बाबतीत हिंजवडी उजवी आहे, यात वाद नाही. वेळ ठरलेली असते, शनिवार-रविवार मोकळा मिळतो आणि गेट परीक्षेच्या अभ्यासाला किंवा कॅम्पस मुलाखतींच्या तयारीला संध्याकाळ हाती राहते. चाकणला फर्स्ट शिफ्ट असली की पहाटे कंपनीची बस गाठावी लागते, आणि त्या पट्ट्यातील अनेक कारखान्यांप्रमाणे आमचीही साप्ताहिक सुट्टी गुरुवारी असल्यामुळे मित्रांचा रविवार आपल्या वाट्याला येत नाही. प्रवासाबद्दल बोलायचे तर वाकडची कोंडी आणि तळेगाव–चाकण रस्त्यावरची कोंडी यांत डावे-उजवे करण्यासारखे काही नाही. स्टायपेंड कंपनीगणिक बदलतो. त्यावरून निर्णय घेऊ नये असे मला वाटते.

माझा निर्णय ठरला तो एकाच त्रासामुळे. हिंजवडीत मी ड्रॉइंगवर मापे आणि टॉलरन्स, म्हणजे मापात चालणारी कमी-जास्त मुभा, टाकत असे. ते ड्रॉइंग तपासून परदेशातील ग्राहकाकडे जाई आणि काही दिवसांनी नवे रिव्हिजन मागणारी मेल येई: अमुक माप बदला, अमुक टॉलरन्स सैल करा. का, ते मात्र लिहिलेले नसे. भाग बसला नाही, की मशीनवर निघाला नाही, की कोणी किंमत कमी करायला सांगितली, हे माझ्या गाइडनाही ठाऊक नसे, कारण तो भाग त्यांनीही कधी हातात घेतलेला नव्हता. माणसे मनापासून शिकवणारी होती, पण जे त्यांच्यापर्यंतच पोहोचत नव्हते ते माझ्यापर्यंत कुठून येणार? आपली चूक कळावी पण तिचे कारण कळू नये, ही गोष्ट विद्यार्थ्याला फार खुपते; निदान मला खुपली.

चाकणला हेच उलट होते. तिथल्या एका हाउसिंगमध्ये ६२ मिलिमीटरचे बेअरिंग बसायचे आणि त्याच्या बोअरला, म्हणजे गोल छिद्राला, एच-सेव्हन टॉलरन्स, म्हणजे जेमतेम ३० मायक्रॉनची (०.०३ मिलिमीटरची) मुभा होती. कागदावर मी ते अनेकदा लिहिले होते. संगणकावर चालणाऱ्या सीएनसी मशीनपाशी उभे राहिल्यावर दिसले की सकाळी मशीन तापेपर्यंतच्या नगांचे माप वेगळे येते, आणि इन्सर्टची, म्हणजे धातू कापणाऱ्या पात्याची, धार झिजत गेली की बोअर हळूहळू लहान होत जाते. आमचे ऑपरेटर काका बोअर गेजचा काटा पाहून, नग रिजेक्ट होण्याच्या आधीच ऑफसेट देत, म्हणजे पात्याची जागा किंचित सरकवत, आणि मागे वळून मला कारण सांगत. त्या ३० मायक्रॉनमधले किती हवामानाचे, किती धारेचे आणि किती माणसाच्या हाताचे, हे मला तिथेच उमगले, आणि तेव्हापासून विनाकारण घट्ट टॉलरन्स टाकताना माझा हात थबकतो.

सहा महिन्यांची इंटर्नशिप यासाठी मला अपुरी वाटते. सेफ्टी ट्रेनिंग, गेट पास आणि लोकांचा विश्वास मिळेपर्यंत बराच काळ निघून जातो; शिवाय पावसाळ्यात मशीनिंग झालेल्या भागांवर चढणारा गंज आणि ग्राहकाच्या ऑडिटची धावपळ, दोन्ही पाहायला मिळायची तर वर्षच हाताशी हवे.

ज्यांना पुढे सिम्युलेशन किंवा सॉफ्टवेअरकडेच वळायचे आहे, त्यांनी हिंजवडी घ्यायला हरकत नाही. मात्र आपण काढलेले भाग कुठे बनतात आणि वर्षातून निदान काही दिवस तिथे जाऊ देतील का, हे मुलाखतीतच विचारून घ्यावे. चाकणला जाणाऱ्यांनीही वर्षभर केवळ एक्सेलमध्ये रिजेक्शनचे आकडे भरण्याचे काम तर नाही ना, याची खात्री करावी, कारण तसे असेल तर माझी वरची सारी बाजू लंगडी पडते.