‘द ताओ ऑफ फिजिक्स’ : भौतिकी भक्कम, जुळवणी सैल

आधुनिक भौतिकी आणि पौर्वात्य अध्यात्म यांची सांगड घालणारी पुस्तके आता उदंड झाली असली, तरी त्या साऱ्यांच्या मुळाशी बहुधा एकच पुस्तक सापडते, ते म्हणजे फ्रिट्यॉफ काप्रा यांचे 1975 साली प्रसिद्ध झालेले ‘द ताओ ऑफ फिजिक्स’. काप्रा व्हिएन्नात शिकले आणि मूलकणांच्या सिद्धांतावर त्यांनी स्वतः संशोधन केले, त्यामुळे या पुस्तकातील विज्ञान ऐकीव नाही. पुस्तकाचे तीन भाग आणि अठरा प्रकरणे आहेत. पहिल्या भागात भौतिकीची वाटचाल, दुसऱ्यात हिंदू, बौद्ध, चिनी, ताओ आणि झेन विचारांची ओळख, तर निम्म्या पुस्तकाइतक्या तिसऱ्या भागात या दोहोंमधील साम्ये, अशी मांडणी आहे. क्वांटम सिद्धांत आणि सापेक्षता समजून घेऊ इच्छिणाऱ्या सामान्य वाचकाने हे पुस्तक आजही वाचावे, असे मी आग्रहाने सांगेन. मात्र त्यातील साम्ये कोणत्याही गोष्टीचा पुरावा म्हणून स्वीकारू नयेत, असेही तितक्याच आग्रहाने सांगेन, कारण काप्रा भौतिकी सोपी करतात तिथे तिला धक्का लागत नाही, पण ती अध्यात्माशी जुळवतात तिथे दोन्ही बाजूंचे काहीतरी मोलाचे गळून पडते.

सोपे करण्याची त्यांची हातोटी किती विश्वासार्ह आहे, हे अणूच्या आकाराच्या उदाहरणावरून कळते. संत्रे फुगवून पृथ्वीएवढे केले तर त्यातील अणू चेरीएवढे दिसतील, आणि अणू रोमच्या सेंट पीटर्स चर्चच्या घुमटाएवढा केला तर त्याचे केंद्रक मिठाच्या कणाएवढे असेल, असे ते सांगतात. असे दाखले अनेक लेखक देतात, पण ते गणिताला उतरतातच असे नाही. हा उतरतो. आठ सेंटिमीटरचे संत्रे पृथ्वीच्या व्यासापर्यंत नेण्यासाठी ते सुमारे सोळा कोटी पट मोठे करावे लागते, आणि मीटरच्या एक हजार-कोटीव्या भागाएवढ्या अणूला तेवढीच पट लावली तर दीड सेंटिमीटरच्या आसपासचे फळ मिळते. घुमटाचा व्यास बेचाळीस मीटरच्या आसपास आहे. केंद्रक अणूच्या सुमारे एक लाखाव्या भागाएवढे धरले, तर ते अर्ध्या मिलिमीटरहून थोडे लहान ठरते, म्हणजे खरोखरच मिठाचा कण.

अणू इतका रिकामा असेल तर टेबल घट्ट का लागते, हा वाचकाच्या मनात लगोलग येणारा प्रश्नही काप्रा टाळत नाहीत. इलेक्ट्रॉनला जितक्या अरुंद जागेत कोंडावे तितक्या वेगाने तो फिरतो, हे अनिश्चितता तत्त्वातून निघणारे उत्तर ते एकाही समीकरणाविना देतात. अणूतील इलेक्ट्रॉनांचा वेग सेकंदाला सुमारे 600 मैल असतो, तर केंद्रकातील कण आणखी लहान जागेत कोंडलेले असल्यामुळे त्यांचा वेग 40,000 मैलांच्या घरात जातो, हे वाचल्यावर ‘जड’ पदार्थाविषयीची आपली समजूत कायमची बदलते. अवकाश-कालावरील प्रकरणही असेच नितळ आहे. जयंत नारळीकरांच्या लेखनावर वाढलेल्या मराठी वाचकाला ही पाने परकी वाटणार नाहीत.

अडचण तिसऱ्या भागात सुरू होते. एक नमुना बारकाईने पाहण्याजोगा आहे. इलेक्ट्रॉनचे स्थान तेच राहते का, ते बदलते का, तो स्थिर आहे का, तो गतिमान आहे का, या चारही प्रश्नांना ‘नाही’ असेच उत्तर द्यावे लागते, अशा आशयाचे भौतिकीतज्ज्ञ रॉबर्ट ओपेनहायमर यांचे एक वचन काप्रा देतात आणि त्याच्या शेजारी ईशावास्य उपनिषदातील ‘तदेजति तन्नैजति तद्दूरे तद्वन्तिके’ हा पाचवा मंत्र ठेवतात. ते हलते आणि हलत नाही, ते दूर आहे आणि जवळही आहे. दोन्ही वचने एकाखाली एक वाचताना अंगावर काटा येतो, हे मान्य केलेच पाहिजे. परंतु त्यांचे काम एक नाही. ओपेनहायमर यांचा नकार आपल्या नेहमीच्या कल्पनांना आहे. ठरलेल्या मार्गाने सरकणाऱ्या खड्याचे चित्र इलेक्ट्रॉनला लागू पडत नाही, एवढे सांगून भौतिकी थांबत नाही, तर तो कोठे सापडण्याची शक्यता किती, हे काटेकोर आकड्यांत मांडते. इलेक्ट्रॉनच्या चुंबकीय गुणधर्माचे गणिती भाकीत प्रयोगाशी दहाहून अधिक अंकांपर्यंत जुळलेले आहे. उपनिषदाचा मंत्र मात्र आत्म्याविषयी आहे आणि तोही तिथे थांबत नाही. सर्व भूते आत्म्यात आणि सर्व भूतांत आत्मा पाहणारा कोणाचीही घृणा करत नाही, असे लगेचचा सहावा मंत्र सांगतो. पाचवा मंत्र या आचरणाकडे नेण्यासाठी आलेला आहे. काप्रा दोन्हीकडचे पुढचे पाऊल वगळतात, आणि साम्य उरते ते त्या वगळण्यामुळेच.

निरीक्षकाच्या प्रश्नावर मला याहून गंभीर आक्षेप आहे. क्वांटम सिद्धांतात मोजणीला विशेष स्थान आहे, आणि त्या प्रश्नावर भौतिकीतज्ज्ञांत अजूनही एकमत नाही. परंतु मोजणी करणाऱ्या उपकरणाकडून माणसाच्या जाणिवेकडे, आणि तेथून द्रष्टा-दृश्य यांच्या ऐक्याकडे, असा जो प्रवास पुस्तक अलगद घडवते, त्याला आधार पुरेसा नाही. याचे उत्तर पुस्तकातील छायाचित्रांतच आहे. काप्रांनी बबल चेंबरमधील कणांच्या मार्गरेषांची अनेक छायाचित्रे छापली आहेत. या पात्रात उकळण्याच्या बेतात ठेवलेल्या द्रवातून विद्युतभारित कण गेला की त्याच्या वाटेवर सूक्ष्म बुडबुडे उठतात, चुंबकीय क्षेत्रामुळे ती वाट वळते, कॅमेरा आपोआप फोटो घेतो आणि माणसे त्या फिल्म पुढे केव्हातरी टेबलावर पसरून तपासतात. कोणी पाहण्यापूर्वीच रेषा उमटलेली असते.

पुस्तकाचा शेवटचा टप्पा तर काळानेच मोडीत काढला आहे. बर्कलीचे जेफ्री च्यू यांचा ‘बूटस्ट्रॅप’ विचार काप्रांना फार प्रिय होता. कोणताही कण मूलभूत नसून प्रत्येक कण इतर सर्वांच्या परस्परसंबंधातून घडतो, असा तो विचार आहे, आणि अवतंसक या बौद्ध सूत्रातील इंद्रजालाशी, म्हणजे प्रत्येक मण्यात इतर सर्व मण्यांचे प्रतिबिंब दाखवणाऱ्या जाळ्याशी, तो सुरेख जुळतो. त्यामुळे क्वार्कची, म्हणजे प्रोटॉनसारखे कण ज्यांचे बनलेले असतात त्या मूलभूत घटकांची, कल्पना काप्रांना अडचणीची वाटली आणि त्यांनी ती झेन कोड्याच्या शीर्षकाखाली मांडली. प्रत्यक्षात प्रोटॉनच्या आत बिंदुवत घटक असल्याचे दाखवणारे प्रयोग स्टॅनफर्ड येथे 1968 पासून सुरू झाले होते, 1973 मध्ये क्वार्कांना एकत्र बांधणाऱ्या बलाचा सिद्धांत उभा राहिला होता, आणि नोव्हेंबर 1974 मध्ये नव्या प्रकारच्या क्वार्कचा बनलेल्या जे-साय कणाचा शोध लागल्यावर वारे पुरते फिरले. पुस्तक बाजारात आले ते त्यानंतर. पुढील आवृत्तीच्या पुरवणीतही काप्रांनी बूटस्ट्रॅपची बाजू सोडली नाही. च्यू यांच्या गणिताची काही अंगे आजच्या संशोधनात नव्याने उपयोगी पडतात, हे खरे आहे. पण क्वार्क टिकले, आणि विश्वाच्या रचनेत मूलभूत घटकच नाहीत हा निष्कर्ष टिकला नाही. ज्यांनी आपली श्रद्धा त्या निष्कर्षाला बांधली, त्यांनी आता काय करायचे? अध्यात्माला विज्ञानाचा टेकू दिला की हा धोका अटळ होतो, आणि याची झळ विज्ञानापेक्षा अध्यात्मालाच अधिक लागते.

भारतीय विचारांच्या मांडणीबाबत मराठी वाचकाने आणखी सावध असावे. काप्रांचे ‘हिंदू’ म्हणजे मुख्यतः ब्रह्म, माया आणि नटराज. परमाणू हेच जगाचे घटक मानणारे कणादांचे वैशेषिक दर्शन, प्रमाणांची कसून चिकित्सा करणारे न्यायदर्शन, प्रकृती आणि पुरुष वेगळे ठेवणारे सांख्य यांना पुस्तकात जवळजवळ जागाच मिळत नाही. शंकराचार्यांनी ब्रह्मसूत्रभाष्यात परमाणुवादाचे खंडन मुद्दे मांडून केले आहे, आणि ज्ञानदेवांच्या अमृतानुभवातील सर्वांत दीर्घ प्रकरण अज्ञानखंडनाचे, म्हणजे युक्तिवादाचेच आहे. आपल्या परंपरेचा हा वाद घालणारा स्वभाव पुस्तकात हरवतो आणि उरते ते बुद्धीच्या पलीकडचे, एकसुरी ‘पूर्वेकडचे ज्ञान’. आपले कौतुक होते आहे म्हणून ही काटछाट गोड मानून घेणे मला पटत नाही.

जिनिव्हाजवळच्या सर्न या कणभौतिकीच्या प्रयोगशाळेत भारत सरकारने भेट दिलेली दोन मीटर उंचीची नटराजाची मूर्ती 18 जून 2004 पासून उभी आहे, आणि तिच्यालगतच्या फलकावर काप्रांचे शब्द आहेत. नटराजाच्या चित्रावर बबल चेंबरमधील रेषा चढवलेले पुस्तकातील संयोगचित्र पाहिले की ही निवड का झाली असावी, ते समजते. ती मूर्ती भारत आणि सर्न यांच्यातील दीर्घ सहकार्याची खूण आहे. ‘शास्त्रज्ञांनी शिवतांडव सिद्ध केले’ असे निरोप तिच्या छायाचित्रासह फिरतात, तेव्हा त्या सहकार्यात राबलेल्या भारतीय शास्त्रज्ञांचे श्रम झाकले जातात. काप्रांनी स्वतः असा दावा केलेला नाही. विज्ञानाला गूढवादाची गरज नाही आणि गूढवादाला विज्ञानाची नाही, माणसाला मात्र दोहोंची आहे, अशीच त्यांची समारोपाची भूमिका आहे, आणि ती त्यांच्या अनेक अनुयायांपेक्षा कितीतरी संयमी आहे.

पुस्तक घ्यायचे असल्यास पुरवणी असलेली नंतरची आवृत्ती घ्यावी, कारण दूर गेलेल्या दोन कणांमधील क्वांटम संबंध प्रयोगाने तपासता येतो, असे दाखवणाऱ्या जॉन बेल यांच्या 1964 च्या प्रमेयाची चर्चा तिच्यात आहे. त्या प्रमेयाशी निगडित प्रयोगांनाच पुढे 2022 चे नोबेल पारितोषिक मिळाले. पहिला भाग सलग वाचावा, मग तिसऱ्या भागातील विश्वाचे ऐक्य, अवकाश-काल आणि वैश्विक नृत्य ही प्रकरणे घ्यावीत. क्वार्कवरील प्रकरण 1970 च्या दशकातील वादाचा दस्तऐवज म्हणून वाचावे आणि मूलकणांच्या आजच्या चित्रासाठी 2012 नंतर, म्हणजे हिग्ज कण सापडल्यानंतर लिहिलेले एखादे पुस्तक सोबत ठेवावे. उपनिषदांची अवतरणे येतील तिथे मूळ मंत्र, आणि त्याच्या मागचा-पुढचा मंत्रही, उघडून पाहावा.