आयझेनसाठी ‘ब्लीच’ बघायची तर

२००४ ते २०१२ या काळात ‘ब्लीच’ या जपानी ॲनिमे मालिकेचे ३६६ भाग आले. सगळे बसून बघायची गरज नाही, पण सोसुके आयझेन हा माणूस बघायचा असेल तर २१ ते ६३ हे भाग चुकवू नका. पहिले वीस भाग ओळखीपाळखीचे आहेत, तेही लागतात. पुढे सगळी रहस्यं फोडली आहेत, त्यामुळे मालिका अजून बघायची असेल तर आधी ६२वा भाग संपवा आणि मग हे वाचा.

मृत्यूनंतरच्या जगाची राखण करणाऱ्या शिनिगामींची तेरा पथकं आहेत. त्यातल्या पाचव्या पथकाचा कप्तान आयझेन. चष्मा, मऊ आवाज, हाताखालच्यांची आस्थेनं विचारपूस. रुकिया या शिनिगामीला देहदंड ठरलेला असतो आणि अशात एका सकाळी आयझेनचं प्रेत उंच भिंतीवर तलवारीनं ठोकलेलं सापडतं. संशय जातो जिन इचिमारू या दुसऱ्या कप्तानावर, कारण तो सतत हसतो आणि त्याचे डोळे धड दिसत नाहीत. प्रेक्षकही त्याच्याचकडे बोट दाखवून मोकळा होतो.

प्रत्यक्षात ते प्रेत म्हणजे आयझेननंच पाडलेला भ्रम असतो आणि सगळा कट त्याचाच. खरी मजा आयझेन आणि रुकियाचा मित्र रेंजी यांच्या त्याआधीच्या एका संभाषणात आहे. आयझेन शांतपणे एकेक मुद्दा मांडतो: रुकियाचा गुन्हा एवढा मोठा नाही, देहदंडाआधीची मुदत ३५ दिवसांवरून २५ वर आणली, तिचं कृत्रिम शरीर ताबडतोब परत घेऊन नष्ट करायचा हुकूम निघाला आणि कप्तान नसलेल्या व्यक्तीसाठी सोक्योकू हे देहदंडाचं महाशस्त्र वापरायचं ठरलं. यामागे कुणाचातरी हेतू दिसतो, असंही सुचवतो. कट रचणाराच कटाचे पुरावे मोजून दाखवतोय आणि त्यातला एकही मुद्दा खोटा नाही! दुसऱ्यांदा बघताना हा प्रसंग थांबवून थांबवून बघा. पटकथेनं कुठेही फसवलेलं नाही, सगळं समोर मांडून ठेवलं होतं.

त्याच्या तलवारीचं नाव क्योका सुइगेत्सु. ती ‘उघडताना’ एकदा जरी पाहिली, तरी पाहणाऱ्याची पाचही ज्ञानेंद्रियं कायमची त्याच्या ताब्यात जातात. म्हणून त्यानं सहकाऱ्यांना जमवून आधीच प्रात्यक्षिक दिलं होतं. सांगितलं काय, तर ही पाण्याची तलवार आहे, धुकं आणि प्रवाह यांच्या परावर्तनानं शत्रूला गोंधळवते. लोकांनी कौतुकानं पाहिलं आणि तिथेच अडकले. तोसेन हा कप्तान आंधळा, म्हणून तो सुटला आणि त्याचा साथीदार झाला. नियम इतका नेमका असल्यामुळे भ्रम पडतो तेव्हा लेखकानं काहीतरी ढकलून दिलं असं वाटत नाही.

पण नुसती तलवार असती तर आयझेन एक जादूगार ठरला असता. तो पाताळयंत्री ठरतो ते माणसं वाचण्यामुळे. त्याची उपकप्तान हिनामोरी त्याला देवासारखं मानते, तर तिच्यासाठी तो पत्र ठेवतो: गुन्हेगार कप्तान हित्सुगाया आहे. ती आपल्या लहानपणीच्या मित्रावर तलवार उपसते. पुढे आयझेन जिवंत दिसल्यावर ती आनंदानं रडते आणि त्याच क्षणी तो तिच्या आरपार वार करतो. केसानं गळा कापणं याहून वेगळं काय असतं! उलट २०६ ते २१२ या भागांत हिराकोची गोष्ट बघा. आयझेनच्या आधीचा हा कप्तान त्याच्यावर पहिल्यापासून संशय घेतो, त्याला नजरेखाली ठेवायला म्हणून आपला उपकप्तान करतो. तरीही महिनाभर त्याच्या मागून आयझेनच्या रूपात दुसराच माणूस फिरतो आणि हिराकोला पत्ता नाही. कारण संशयामुळे त्यानं आयझेनला जवळच येऊ दिलं नव्हतं, मग त्याच्या सवयी कळणार कशा? एकीला विश्वासानं बुडवलं, दुसऱ्याला संशयानं. हे सात भाग त्यासाठी सोन्यासारखे आहेत.

हे सगळं पेलतं ते शो हायामी यांच्या आवाजामुळे. मुखवटा उतरल्यावर आयझेन केस मागे सारतो आणि चष्मा हातात चुरडतो, पण आवाजाची पट्टी वाढत नाही, फक्त त्यातली ऊब जाते. म्हणून जपानी ध्वनिपट्टीच लावा.

आता जिथे घसरतं ते. ६४ ते १०९, १६८ ते १८९ आणि २३० ते २६५ हे मूळ मांगात, म्हणजे जपानी चित्रकथेत, नसलेले पट्टे आहेत. आयझेनचा धागा पकडून ठेवायचा तर ते सरळ ओलांडा, नाहीतर ६३व्या भागातला ताण विरून जातो. शेवटची लढाई २६६ ते ३१० मध्ये आहे. त्यात हित्सुगाया चिडून आयझेनवर वार करतो आणि ‘हे काय करताय तुम्ही सगळे?’ अशा अर्थाची मालिकेचा नायक इचिगोची हाक ऐकू येते. तलवारीच्या टोकाला हिनामोरी असते. इचिगोनं ती तलवार कधीच उघडताना पाहिलेली नाही, म्हणून त्याला एकट्याला खरं दिसतं. आधीचा नियम इथे असा वसूल होतो की अंगावर काटा येतो.

त्यानंतर मात्र होग्योकू या शक्ती देणाऱ्या मण्याशी एकरूप होऊन आयझेन रूपांमागून रूपं बदलतो, पंख फुटतात, ताकद वाढते आणि डोकं चालवायची त्याला गरजच उरत नाही. सगळं मीच ठरवलं होतं, अगदी तुझ्या जन्मापासून, हा इचिगोसमोरचा त्याचा दावा मला ओढूनताणून आणलेला वाटतो. त्या भागांत खरा डाव जिनचा आहे. क्योका सुइगेत्सुतून सुटायचं तर भ्रम सुरू व्हायच्या आत पात्याला हात लावायचा, एवढं एक गुपित काढायला त्यानं कित्येक दशकं आयझेनच्या पाठीशी काढलेली असतात.

२०२२ मध्ये सुरू झालेली ‘थाउजंड-इयर ब्लड वॉर’ मात्र बघा. आयझेनला २०,००० वर्षांची कैद झालेली असते, खुर्चीला जखडलेला असतो. शत्रूंचा राजा यवाख त्याला भेटून जातो तेव्हा तो नुसता बसल्या जागी त्याची वेळेची जाणीव काही मिनिटांनी चुकवतो. तेवढ्यानं यवाखला हातातली लढाई अर्धवट टाकून परतावं लागतं आणि इचिगो वाचतो.