लग्नाला बर्फ घेताय? लादी मोजून नाही, वजन करून घ्या

मे महिन्यात चुलत भावाचं लग्न झालं जळगावात, आणि बर्फवाल्याने आम्हाला जे फसवलं ते सविस्तर लिहितेय कारण आता परत लग्नाच्या तारखा सुरू होतील आणि ही फसवणूक अशी आहे की ज्याची होते त्याला बहुतेक वेळा कळतही नाही.

केटररने आधीच सांगितलं होतं की बर्फ तुमचा तुम्ही बघा. काकांनी बर्फवाल्याला फोन केला, त्याने एकच विचारलं, पानं किती? काका म्हणाले 500. तो म्हणाला माणशी एक किलो धरायचा, उन्हाळा आहे, 50 किलोच्या 10 लाद्या लागतील, 10 रुपये किलो, आणि पैसे आधी. सीझनमध्ये सगळेच आधी घेतात, म्हणून 5000 दिले.

सकाळी टेम्पो आला. लाद्या उतरवताना आचाऱ्याचा पोऱ्या एकटाच एकेक लादी उचलून आत नेत होता, तेव्हा आचारीच म्हणाला ताई ही 50 ची वाटत नाही. कोठीघरात किराणा मोजायचा मोठा काटा होता, त्यावर लादी ठेवली. 29 किलो! दुसरी ठेवली, 30. मंडपवाल्याकडून टेप घेतला आणि मापं घेतली, 60 सेंटीमीटर लांब, 35 रुंद, 15 जाड. म्हणजे साडेएकतीस लिटर जागा, आणि बर्फ पाण्यापेक्षा हलका असतो, एका लिटरला साधारण 920 ग्रॅम, म्हणजे 29 किलोच. काटा बरोबर होता, लादीच लहान होती.

फोन केला तर म्हणे रस्त्यात वितळला, ऊन किती आहे बघा ना. आता हे नीट वाचा. एका लादीमागे 21 किलो वितळला तर 10 लाद्यांचं 200 लिटरच्या वर पाणी होतं, अख्खं एक पिंप भरून, आणि टेम्पोचा फाळका नुसता ओलसर होता, वर ताडपत्री आणि गोणपाट होतं, रस्ता अर्ध्या तासाचा. दुसरं म्हणजे वितळलेल्या लादीच्या कडा गोल गुळगुळीत होतात, आमच्या लाद्यांची एक बाजू सरळ, कड हाताला लागेल अशी धारदार, त्यावर करवतीच्या रेघा स्पष्ट दिसत होत्या. म्हणजे मोठी लादी कापून तुकडे 50 च्या नावाने दिलेले. हे सांगितल्यावर तो म्हणतो, लग्नघरात बर्फावरून कशाला वाद घालता, शुभ कार्य आहे. टेम्पोवाला म्हणाला मी फक्त ड्रायव्हर. तिकडे हळद चालू, पाहुणे यायला लागलेले, कोण भांडणार? आणि ह्या लोकांना हे पक्कं माहीत असतं, त्यावरच सगळा धंदा चालतो.

पण खरी गोष्ट पुढेच आहे. एवढा बर्फ कमी देऊनही आम्हाला बर्फ पुरला, उलट तीनेक लाद्या उरल्या आणि कार्यालयाच्या मागे गटारात गेल्या. मग मी बसून हिशोब केला. एक किलो बर्फ वितळताना 80 किलोकॅलरी उष्णता खेचतो आणि ते पाणी 10 डिग्रीपर्यंत येताना अजून 10, म्हणून 100 लिटर 35 डिग्रीचं काही 10 डिग्रीवर आणायला साधारण 28 किलो बर्फ लागतो. आमचा मठ्ठा 100 लिटर, म्हणजे 28. पन्हं 75 लिटर, 21. पाण्याच्या 200 एमएलच्या 1000 बाटल्या म्हणजे 200 लिटर, 56. आईसक्रीम केटररच्या डीप फ्रीजरमध्ये, त्याला शून्य. बेरीज 105 किलो, उघड्या टबात ऊन लागून जो वाया जातो तो धरून दीडपट दुप्पट करा, 160 ते 210 किलो बास झाला. त्याने सांगितला 500! म्हणजे अंदाज मुद्दाम फुगवायचा, पैसे त्याचे घ्यायचे, आणि आणून 290 टाकायचा. बर्फ कमी पडत नाही म्हणून तक्रार होत नाही, आणि संध्याकाळपर्यंत पुरावाही वाहून जातो. मला राग ह्याचाच जास्त आला.

(ग्लासात बर्फ घालून ड्रिंक्स, सरबत देणार असाल तर जास्त लागतो, माणशी अर्धा किलो वेगळा धरा.)

अजून एक, आणि हे पैशापेक्षा महत्त्वाचं. लादीत गंजाचे कण आणि काडीकचरा दिसत होता. आमच्या आचाऱ्याने तो मठ्ठ्यात घालायला साफ नकार दिला, पातेलं बर्फाच्या टबात ठेवून बाहेरून गार केलं, त्या माणसाचे उपकार मानावे तेवढे थोडे. पाणी गोठलं म्हणून त्यातले जंतू मरत नाहीत. 2018 पासून नियम आहे की खायचा नसलेला बर्फ निळसर रंगाचा हवा आणि खायचा रंगहीन, पण लादी पांढरी दिसली म्हणजे ती खायचीच आहे असं अजिबात समजू नका. ऑर्डर देतानाच "खायचा बर्फ" असं बिलावर लिहून घ्या आणि कारखान्याचा एफएसएसएआय (अन्नसुरक्षेचा) लायसन्स नंबर मागा. आमच्या बिलावर नुसतं "बर्फ 10 नग" लिहिलेलं, किलो कुठेच नाही, आणि नेमकं तिथेच तो सुटायला बघतोय.

तर भाव किलोवर ठरवा, बिलावर किलो लिहून घ्या, निम्मे पैसे काट्यावर वजन झाल्यावर द्या. काटा नसेल तर टेप तरी ठेवा, लांबी रुंदी जाडी सेंटीमीटरमध्ये गुणा, हजाराने भागा आणि 0.92 ने गुणा, किलो आले. खरी 50 ची लादी 80 बाय 40 बाय 17 च्या आसपास भरेल.

काट्यावरच्या लादीचे, टेप लावलेल्या कडेचे आणि नुसत्या ओलसर टेम्पोचे फोटो आम्ही काढून ठेवले होते, ते बिलासकट वैध मापन शास्त्र विभागाकडे (वजन-मापं तपासणारं सरकारी खातं) दिलेत. तुमचं असं झालं असेल तर ग्राहक हेल्पलाइन 1915 वरही तक्रार घेतात, फक्त फोटो लादी काट्यावर असतानाच काढा.