जागलीला रेडिओ घ्यायचा तर दोन मोठ्या सेलचा

रात्री वावराची राखण म्हणजे जागल करताना ज्याला युद्धाच्या बातम्या ऐकायच्या आहेत पण छातीत धडधड नको, त्यानं मोबाईल खिशात ठेवावा आणि माळ्याला, म्हणजे मचाणाला, साधा ट्रान्झिस्टर टांगावा. मे २०२५ मध्ये ऑपरेशन सिंदूरच्या वेळी टीव्हीवाल्यांनी बातम्यांमागे हवाई हल्ल्याचे इतके भोंगे वाजवले, की १० मेला केंद्र सरकारला ते थांबवा म्हणून सांगावं लागलं. पुलगावच्या दारूगोळा भांडाराभोवतालच्या गावांत तो आवाज करमणुकीचा नाही. रेडिओवर बातम्या सरल्या की गाणं लागतं, इतकंच. पण रात्र काढायला ते पुरतं. संध्याकाळी सातनंतर विविध भारतीचा 'जयमाला' लागतो, तो तर फौजींसाठीच असतो.

आठवडी बाजारात दोन जाती दिसतात. लाल-निळे दिवे लागणारा मेमरी कार्डवाला घेऊ नका. त्यातली मोबाईलची चपटी बॅटरी मोठ्या आवाजात पहाट गाठत नाही, आणि बहुतेकांत मीडियम वेव्ह नसतेच. दुसरा जुन्या घाटाचा, एफएम आणि मीडियम वेव्ह असे दोन बँड, दीड व्होल्टचे दोन मोठे सेल. हाच घ्या. टेकडीआड एफएम गेलं तरी ५८५ किलोहर्ट्झवर नागपूर आकाशवाणी दिवसा लांबवर स्वच्छ लागते. अंधार पडला की दूरची केंद्रं एकमेकांवर चढतात, तो सेटचा दोष नव्हे.

वरची दांडी फक्त एफएमची. मीडियम वेव्हचा अँटेना म्हणजे आतली आडवी काळी कांडी, म्हणून दांडी ओढत न बसता अख्खा रेडिओच फिरवा. तोंड किंवा पाठ नागपूरकडे. कूस केली की आवाज बसतो. खिळ्याला अडकवण्यापेक्षा दोरीनं टांगलेला बरा. एलईडी बल्ब आणि चार्जर पाच-सहा फूट दूर, नाहीतर घरघर.

आता खरी कामाची गोष्ट. मीडियम वेव्हवर सेकंदा-सेकंदाला टिक-टिक येत असेल तर रेडिओ बिघडलेला नाही, झटका मशीनची (जनावरं अडवायला कुंपणात विजेचे हलके झटके सोडणाऱ्या यंत्राची) तार कुठंतरी गळते आहे. काटा केंद्र नसलेल्या जागी आणा, आवाज वाढवा आणि तारेच्या कडेनं धुऱ्याधुऱ्यानं (बांधाबांधानं) चाला. टिक-टिक जिथं सगळ्यात जोरात, तिथं तारेला गवत किंवा पऱ्हाटी (कपाशीचं झाड) टेकलेली असते, नाहीतर इन्सुलेटर तडकलेला असतो. आधी मशीन बंद, मग हात. (कुंपणात थेट लाईन सोडणाऱ्यांसाठी हे नाही. तो गुन्हा आहे, आणि माणसं मरतात.)

आवाजाचं बटण फिरवताना खरखर येते ती धुळीची. बंद करून वीसेक वेळा गरगर फिरवा. सेल दोन्ही एकदम बदला, जुना-नवा जोडला तर जुना लवकर पाझरतो. हंगाम सरला की सेल काढून ठेवा. स्प्रिंगवर पांढरं-हिरवं चढलंच तर पॉलिश पेपरनं घासा. काटा हलत नाही पण केंद्र बदलतं, म्हणजे डायलची दोरी किंवा तिच्यावरचा काटा निसटला. तेवढ्यासाठी मेकॅनिक शोधावा लागतो, आणि तो आता तालुक्यालाही पटकन सापडत नाही. रेडिओनं खर्रा (तंबाखू-सुपारीचं मिश्रण) सुटतो असं दुकानदार म्हणाला तर हसून सोडून द्या.

रोही (नीलगाय) मात्र माणसाच्या आवाजाला बिचकतं. पण चार-पाच रात्रींत त्यालाही बातम्यांची सवय होते, मग रेडिओ वावराच्या दुसऱ्या टोकाला टांगायचा.