गुहागरमधलं जांभ्याचं घर : राहण्याचा अनुभव

गुहागरच्या ‘खालचा पाट’ नावाच्या भागात, नारळी-पोफळीच्या वाडीत हे घर आहे. घरच्यांनी ओटीलगतच्या दोन खोल्या पाहुण्यांना द्यायला सुरुवात केली आहे. मी चिपळुणात घरदुरुस्तीची कामं घेतो, त्यामुळे चहा हातात आला तरी नजर भिंतीवरच होती.

भिंती चिऱ्याच्या, म्हणजे जांभ्या दगडाच्या तासलेल्या ठोकळ्यांच्या, दीड हात रुंद. बाहेरच्या अंगाला गिलावा नाही, त्यामुळे चिऱ्यावरचे हत्याराचे तिरपे घाव अजून दिसतात. जांभा खाणीतून निघतो तेव्हा ओला आणि मऊ असतो. उघड्यावर वारा लागला की टणक होत जातो. पण तो सच्छिद्र दगड, पाणी पितो. रत्नागिरी जिल्ह्यात वर्षाला ३००० मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, म्हणजे प्यायलेलं पाणी बाहेर टाकायची सोय हवीच. सांध्यात चुना असला की भिंत सुकते. वर सिमेंट थापलं की ओल आत कोंडते, गिलावा फुगतो आणि पोपडे सुटतात. आमच्याकडे दर दुसऱ्या घरात हेच बघतो.

इथल्या काकांनी पश्चिमेच्या भिंतीवरचं जुनं सिमेंट खरवडून काढलं आणि सांधे पुन्हा चुन्याने भरून घेतले. सांध्यावरून नख ओढून बघितलं, पीठ सुटलं नाही. खर्चिक आणि वेळखाऊ काम आहे. चुन्याचं काम येणारा गवंडी आता मिळत नाही, तो शोधून आणला याचं मला फार कौतुक वाटलं.

छपरावर मंगलोरी कौलं. ही कौलं मंगळूरच्या बासेल मिशन या ख्रिस्ती मिशनरी संस्थेने १८६५ मध्ये करायला घेतली आणि पुढे सगळ्या किनाऱ्यावर पसरली. त्याआधी आपल्याकडे नळीची कौलंच असायची. पागोळ्या भिंतीपासून चांगल्या लांब पडतील इतकं छप्पर पुढे काढलंय, म्हणूनच उघडा चिरा टिकलाय. माजघरात खिडकी नाही, पण छपरात एक काचेचं कौल बसवलंय. दुपारी त्यातून येणारा उजेड फणसाच्या खांबावर पडतो आणि लाकडाचा पिवळेपणा उठून दिसतो. वाशांना वाळवी कुठेच दिसली नाही.

एक गोष्ट मात्र खटकली. मागे न्हाणीघराला लागून नवं बाथरूम बांधलंय. त्याचा पत्रा जुन्या भिंतीला जिथे टेकतो तिथे पन्हळ नाही, आणि आतल्या कोपऱ्यात ओलीचा डाग धरलाय. काकांना दाखवलं, पावसाआधी पन्हळ लावून घ्या म्हटलं. त्यांनी लगेच माप घेतलं. एवढ्या जपलेल्या घराला तो कोपरा शोभत नाही.

जेवण घरचंच : आंबोळ्या, सोलकढी, कुळथाचं पिठलं, सांगून ठेवलं तर उकडीचे मोदक. वहिनी आग्रहाने वाढतात. खोलीत एसी नाही. एप्रिलमध्येही आम्हाला पंखा पुरला, पण ज्यांना एसीशिवाय झोप येत नाही त्यांनी दुसरीकडे बघावं.

गाडी रस्त्यावर लावून पाखाडीने, म्हणजे दगडी पायवाटेने, चालत आत यावं लागतं, तेव्हा सामान बेतानेच आणा. दाराची चौकट बुटकी आहे, उंच माणसांनी वाकून या. गणपतीत घरचीच माणसं मुंबईहून येतात, त्यामुळे तेव्हा खोल्या मिळत नाहीत.