नुनावुत : शाळेतलं शिक्षण की बर्फावरचं?

नर्स, शिक्षक, वैमानिक व्हायचं तर शाळेला पर्याय नाही. कॅनडाच्या उत्तरेतलं नुनावुत १९९९ साली त्या देशातच वेगळा प्रशासकीय प्रदेश झालं. तिथला कारभार हाकायलाही शिकलेली माणसं लागतातच. पण समुद्रावरचा बर्फ पाय ठेवण्याजोगा आहे का, हे फळ्यावर कळत नाही. इनुइट म्हणजे इथले मूळ रहिवासी; त्यांचा शिकारी पुढे हारपून, म्हणजे शिकारीचा भाला, आपटत चालतो. टोक एका घावात आरपार गेलं की माघारी फिरायचं. पोरं हे थोरांच्या मागे चालूनच शिकतात. शिकार गावात वाटली जाते, शेजारधर्म तिथेच अंगी मुरतो. माझं झुकतं माप यालाच. २००८च्या शिक्षण कायद्याने इनुइट मूल्यांना शाळेचा पाया मानलं खरं, तरी वरच्या इयत्तांत राज्य इंग्रजीचंच!