तीस-पस्तीस हजारांत डीजे चालू करायचा तर? पायोनिअर एफएलएक्स४ वापरून लिहितोय, कणकवलीकडून

पहिलंच सांगून टाकतो, पायोनिअरचा डीडीजे-एफएलएक्स४ (लॅपटॉपला जोडून गाणी मिसळायचं मशीन, म्हंजे डीजे कंट्रोलर) चांगलाच आहे, पैसे वसूल आहे, पण तुमच्याकडं एकूण मिळून तीस-पस्तीसच असतील तर सगळे त्याच्यावर उडवू नका. आमच्या कणकवली-कुडाळ पट्ट्यात पोरं काय करतात, गणपतीला येणाऱ्या कोणातरी चाकरमान्याला आधी मुंबईत लॅमिंग्टन रोडच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात पिटाळतात, तो बिचारा कोकण रेल्वेच्या त्या गर्दीत खोका मांडीवर घेऊन येतो, खोका उघडला की अर्धी वाडी जमते, बटणांच्या लाइटी बघून सगळे खूश, आणि मग कळतं की हेडफोन नाही, अँपला जाणारी वायर नाही आणि लॅपटॉप कॉलेजच्या टायमाचा, चालू होईस्तोवर चहा पिऊन होतो. म्हणून मशीनबरोबर बाकीच्या फुटकळ सामानाचंपण लिहितोय, खरी मारामारी तिथंच असते.

मी काय क्लबवाला डीजे नाही. हळदी, बारशी, पोरांचे वाढदिवस, अंडरआर्म क्रिकेटच्या नाइट स्पर्धा, गणपतीत आरत्या झाल्यावर खळ्यात नाच, असलंच काम. त्या हिशोबानेच वाचा.

आता मशीन. हा २०२२ मध्ये आला, त्याच्याआधी २०१८ चा डीडीजे-४०० होता त्याच्या जागेवर. दोन डेक (एकेक गाणं वाजवायच्या दोन बाजू), मध्ये मिक्सर, दोन्हीकडं आठ-आठ पॅड (दाबायची बटणं), मांडणी मोठ्या क्लबातल्या प्लेअर-मिक्सरसारखीच, त्यामुळं पुढं कुठं गोव्यात मोठ्या सेटअपवर हात लावायची वेळ आली तर बोटं आपोआप जागेवर जातात. करंट यूएसबीतूनच घेतो, वेगळा अडॅप्टर नाही, टाइप-सी वायर. लॅपटॉपवरच्या डीजे सॉफ्टवेअरांपैकी रेकॉर्डबॉक्सपण चालतं आणि सेराटो डीजे लाइटपण, दोन्हीला वेगळे पैसे नाहीत, मशीन जोडलं की सॉफ्टवेअर उघडतं. ४०० ला हे नव्हतं, तो रेकॉर्डबॉक्सचाच.

ह्यातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट जाहिरातीत कोणी ओरडून सांगत नाही, ती म्हणजे आतलं साउंडकार्ड. मागे आरसीएचा (टीव्हीच्या लाल-पांढऱ्या पिना असतात तसला) मास्टर आऊट, म्हंजे मंडपाला जाणारा आवाज, आणि हेडफोनचं भोक वेगळं. म्हंजे मंडपात एक गाणं वाजतंय तोवर पुढचं गाणं तुम्ही एकटेच कानात ऐकणार, बीट जुळवणार, मग सोडणार. डीजेपणा म्हणतात तो एवढाच आहे बघा, बाकी सगळा शृंगार. स्वस्तातलं काही घ्यायला गेलात तर दुकानदाराला पहिला प्रश्न हाच विचारा, हेडफोन आणि मास्टर वेगळे निघतात का. पायोनिअरचाच डीडीजे-२०० बराच स्वस्त पडतो, २०१९ चा, दिसायला गोंडस, पण त्याच्यात साउंडकार्डच नाही, आवाज फोनच्या नाहीतर लॅपटॉपच्या भोकातून काढायचा आणि एक स्प्लिटर वायर लावून एका बाजूला मंडप, दुसऱ्या बाजूला कान. दोन्ही मोनो, म्हंजे डावं-उजवं वेगळं नाही. घरी शिकायला ठीक, कोणी गिफ्ट दिला तर घ्या. पण लॅपटॉपच्या भोकातला आवाज मोठ्या अँपवर चढवला की मागून जो किरकिराट येतो तो ऐकून नवरदेव हळद पुसत बाहेर येईल.

एफएलएक्स४ पेक्षा कमी पैशात खरोखर काम भागवायचं असेल तर न्यूमार्कचा डीजेटूगोटू टच बघा. पट्टीएवढा आहे, चेष्टा करतील लोक, पण त्याच्यात साउंडकार्ड आहे, मास्टर आणि हेडफोन दोन्ही वेगळे निघतात, दोन्ही साध्या छोट्या पिनचे. चाकं बारकी, टेम्पोचे (गाण्याच्या वेगाचे) फेडर, म्हंजे सरकवायच्या पट्ट्या, तर बोटाच्या पेराएवढे, बारीक जुळवाजुळव करताना वैताग येतो. तरी शिकायला २०० पेक्षा हा बरा, असं माझं ठाम मत.

परत एफएलएक्स४ वर. स्मार्ट फेडर म्हणून एक बटण आहे, ते दाबून क्रॉसफेडर (एका गाण्यावरून दुसऱ्यावर नेणारी आडवी पट्टी) इकडून तिकडं सरकवला की आवाज, बेस, टेम्पो सगळं मशीन स्वतःच सांभाळतं आणि गाणं बदलतं. पहिल्या महिन्यात हे लय भारी वाटतं. पण आपल्याकडच्या गाण्यांवर ते तोंडावर आपटतं, आणि हे मुंबईच्या यूट्यूबवाल्यांच्या रिव्ह्यूत सापडणार नाही, कारण ते सगळे हाऊस-टेक्नो लावून दाखवतात. आपली जुनी कोळीगीतं, बेंजो पार्टीची रेकॉर्डिंगं, ढोलताशा, हे माणसांनी बसून वाजवलेलं असतं, गाण्याच्या सुरुवातीला एक चाल आणि शेवटी रंगात आल्यावर जरा पुढंच गेलेली. सॉफ्टवेअर अख्ख्या गाण्याला एकच बीपीएम (मिनिटाला किती ठोके) धरतं आणि सिंक (दोन गाण्यांचा ठेका आपोआप जुळवायचं बटण) दाबलं की अर्ध्या मिनिटात दोन ढोल एकमेकांच्या पायात पाय घालतात. वर ठेका सहाच्या मात्रेतला असेल तर कधी निम्मा आकडा दाखवणार, कधी भलताच.

ह्याला उपाय आहे. रेकॉर्डबॉक्सच्या सेटिंगात अ‍ॅनालिसिस नॉर्मलवरून डायनॅमिकवर करा आणि ती गाणी परत अ‍ॅनालाइज करा, मग ग्रिड (ठोक्यांच्या खुणा) गाण्याबरोबर हलते, बरंच सुधारतं. तरी ज्या ठिकाणी ढोल पहिला पडतो तिथं हॉटक्यू (बटण दाबलं की गाणं तिथूनच सुरू होईल अशी खूण) लावून ठेवा, दुसरा मुखडा संपतो तिथं एक, आणि सिंक बंद करून कानाने सोडा. मंडपातल्या लोकांना मिनिटभराचं लांबलचक मिक्सिंग नकोच असतं, गाणं ओळखीचं लागलं पाहिजे आणि मध्ये गॅप पडता कामा नये. गॅप पडला की आमच्याकडं पडवीतनं एखादी आजी हमखास विचारते, "काय रे झिला, गाणा बंद कित्याक पडला?" तिला काय सांगणार, सिंक हुकला म्हणून?

ब्लूटूथबद्दल लोकांचा मोठा गैरसमज आहे. मशीनला ब्लूटूथ आहे म्हटल्यावर वाटतं फोनवरून गाणं मशीनमध्ये आणि मशीनमधून स्पीकरला. तसं नाही. ब्लूटूथवर बटणांचा हुकूम फोनला जातो, आवाज फोनमधूनच निघतो. मशीनच्या मागून आवाज पाहिजे तर यूएसबी वायर लावायलाच लागणार. आणि ब्लूटूथ हेडफोन तर घेऊच नका डीजेला, आवाज कानात उशिरा पोचतो, तुम्ही बरोबर दाबलं तरी बाहेर चूक ऐकू येणार. साधा वायरवाला, कान पूर्ण झाकणारा हेडफोन घ्या, दीड-दोन हजारांतला चालतो, बेसपेक्षा वायर जाड आहे का ते बघा कारण पहिली तीच तुटते.

माइकला मोठ्या पिनचं भोक आहे, आवाजाचं बटणपण आहे, पण मी गावच्या कार्यक्रमात माइक मशीनला लावतच नाही, सरळ साउंडवाल्याच्या अँपला. नाचताना कोणाचा तरी पाय वायरीत अडकणार हे लिहूनच ठेवा, यूएसबी निघाली की मशीन मेलं आणि त्याच्याबरोबर माइकपण, मग "अमुक अमुक यांची गाडी रस्त्यात आहे, काढा" हे कोण ओरडणार?

मास्टरला नुसता आरसीए आहे, एक्सएलआर (मोठ्या साउंडची तीन पिनांची जोडणी) नाही, हीच ह्याची मोठी उणीव. लांब वायर ओढली की हम (घूं असा आवाज) धरतं. त्यामुळं साउंडवाल्याचा मिक्सर आपल्या टेबलाजवळ मागून घ्यायचा आणि तीन-चार मीटरच्या आत काम भागवायचं. बाजारात जाऊन आरसीए टू पी-३८ (मोठी पिन) अशी जोडी बनवून घ्या, तयार मिळते त्यापेक्षा इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात समोर बसून डाग मारून घेतलेली जास्त टिकते. आणि आपल्याकडं देवळातला, शाळेतला, मंडळाचा अँप बहुतेक मोनो, त्यात एकच पिन जाते, मग तुम्ही डावी बाजू तेवढी खोचली तर काही जुन्या गाण्यांत गायक गायब आणि नुसतं हार्मोनियम. सॉफ्टवेअरच्या सेटिंगात आउटपुट मोनो करून टाका, मग कुठलीही पिन खोचा.

हमचं दुसरं कारण लॅपटॉपचा चार्जर. गावात अर्थिंगचा पत्ता नसतो, चार्जर लावला की घूंऽऽ चालू. चार्जर काढून बघा, हम गेला तर दोष तिथं आहे, मशीनला शिव्या देऊ नका. पण मग लॅपटॉपची बॅटरी निदान दोन तास चालणारी हवी, आणि इथंच बजेटचा खरा घोळ आहे. रेकॉर्डबॉक्स जड आहे, चार जीबी रॅमवर रडतं. जुना लॅपटॉप असेल तर एसएसडी (जुन्या हार्डडिस्कपेक्षा वेगवान डिस्क) टाका, जमल्यास रॅम वाढवा, सेराटो लाइट चालवा, किंवा मिक्स नावाचं फुकट सॉफ्टवेअर आहे, नावात शेवटी तीन एक्स, लिनक्सवरपण चालतं, एफएलएक्स४ आणि ४०० दोन्हीचं मॅपिंग (कुठल्या बटणाने काय व्हायचं ते) त्यात येतं. दिसायला साधं आहे पण जुन्या मशीनवर हलकं जातं. विंडोजवर एक काम नक्की करा, पॉवरच्या सेटिंगात यूएसबी सिलेक्टिव्ह सस्पेंड बंद. हे चालू असलं की विंडोज वीज वाचवायला यूएसबीला झोपवतं आणि कंट्रोलर मध्येच गायब. स्लीप बंद, अपडेट थांबवून ठेवा, वायफाय बंद, यूएसबी हब नको, वायर थेट लॅपटॉपला. गाणी घरीच अ‍ॅनालाइज करून आणा, वाडीत नेटवर्क आंब्याच्या झाडाखालीच येतं त्यामुळं ऑनलाइन गाण्यांचा विचारपण नको. आणि व्हॉट्सअ‍ॅपवर फिरून फिरून चोथा झालेली एमपीथ्री मोठ्या बेसवर लावू नका हो, हात जोडतो, फोनवर कळत नाही पण तिथं झांजा पत्र्यासारख्या वाजतात.

सेकंडहँडचं. माझ्या मते पस्तीसच्या बजेटला सगळ्यात शहाणा सौदा म्हणजे चांगल्या हालतीतला वापरलेला डीडीजे-४००, आणि वाचलेले पैसे एसएसडी, हेडफोन, वायरीला. नवा एफएलएक्स४ मला तीसच्या आसपास पडला, ४०० त्याच्या बराच खाली मिळून जातो, आणि शिकायला दोघांत फार फरक नाही. ४०० बघताना मागचं चौकोनी यूएसबीचं भोक हलतंय का बघा, प्ले आणि क्यूची बटणं हलक्या हाताने दाबून प्रत्येक वेळी घेतात का, फेडर पूर्ण खाली केल्यावर आवाज गळतोय का. आणि मशीन कुठं वाजलंय ते विचारा. मालवण-तारकर्लीकडं समुद्रावरच्या शॅकमध्ये दोन सीझन वाजलेलं असेल तर कितीही स्वस्त असो, हात जोडून परत या. खारी हवा आणि रेती फेडरमध्ये बसते, आरसीएच्या सॉकेटांवर हिरवट थर येतो, मग आवाज खर्र खर्र करत एका बाजूने जातो. कॉन्टॅक्ट क्लीनरने थोडा इलाज होतो, बिजागऱ्यांना मारतो तो तेलकट स्प्रे मारू नका, रेती अजून चिकटते.

माझ्या मशीनला पावसाळ्यात मी झाकणाच्या प्लॅस्टिकच्या डब्यात ठेवतो, आत सिलिका जेलच्या पुड्या, आणि बाहेर काढलं की लगेच चालू करत नाही, दमट हवेत जरा वेळ उघडं ठेवून, पुसून, मग वायर. बुरशीचा वास यायला लागला की उशीर झाला समजा.

नवीन घेताना जीएसटीचं बिल आणि भारतातली वॉरंटी दोन्ही मागा. "बिलाशिवाय दोन हजार कमी" अशी ऑफर मलापण आली होती एका दुकानात, दुकानाचं नाव लिहीत नाही. कणकवलीहून मशीन रिपेअरला मुंबईला पाठवायचं म्हणजे जाण्यायेण्यातच पंधरवडा, त्यात वॉरंटी नसेल तर सीझन गेला.

मार्क द्यायचे तर नव्या एफएलएक्स४ ला पाचपैकी चार. एक कापला तो आरसीएसाठी. मोठा स्टुडिओ माइक, लेझर, स्टँड वगैरे पहिल्या वर्षी काहीही घेऊ नका.

स्पीकर तर अजिबात नको, हे शेवटचं. बेस-टॉप (मोठे स्पीकर) घेऊन बसलात तर ठेवायला पडवी पुरत नाही, न्यायला टेम्पो लागतो, आणि तसंही २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार रात्री १० ते सकाळी ६ लाउडस्पीकर बंद, सरकार सूट देतं ते वर्षातले जास्तीत जास्त पंधरा दिवस, तेपण १२ पर्यंतच. कमाईचे तास मोजकेच आहेत. प्रत्येक बाजारपेठेत एक साउंडवाला असतोच, त्याच्याशी जमवून घ्या, त्याला नाहीतरी लॅपटॉपवाला पोरगा हवाच असतो. आधी फोन करून एवढंच विचारायचं, "दादा, मिक्सरला ऑक्स (बाहेरचा आवाज जोडायचं भोक) मोकळा आहे ना, आणि पिन कुठली?" छोटी पिन म्हणाला तर अजून एक वायर बनवून घ्या, पन्नास-शंभराचं काम आहे.